पूजेची गोळी

आमच्या लालबागच्या घरात गणपतीची तारीख कळली की बायका आधी स्वतःची तारीख बघतात. ती आड येत असेल तर कापूर, वाती, सुपाऱ्यांच्या बरोबरीने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही आणल्या जातात. नाक्यावरच्या केमिस्टला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. "पूजेची गोळी द्या" म्हटलं की तो मान वर न करता स्ट्रिप पुढे सरकवतो. पॅड मागितले तर काळ्या पिशवीत बांधून देतो, पण हिला पिशवी लागत नाही. ही पडली देवकार्याची.

यंदा माझी आणि धाकट्या जावेची तारीख एकदमच आली. दोघींच्या स्ट्रिपा मसाल्याच्या डब्याशेजारी पडलेल्या असायच्या. "वहिनी, तुमची घेतलीत?" ती विचारायची. मी म्हणायची, "घेतली गं बाई, तू तुझं बघ." आम्हाला त्याचं हसूही यायचं.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. एवढा वेळ ओट्याशी उभं राहून मोदक वळले, मग दुखणारच, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. तिने दुखण्याची गोळी घेतली. संध्याकाळी पाय सुजला तेव्हा सासूबाईंनी तेल कोमट करून मायेने चोळून दिला. गौरी आणायच्या दिवशी सकाळी तिला मोरीपर्यंत जातानाही धाप लागली. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाली आणि डब्यातून गॅसची गोळी काढली. पाण्याचा पेला तोंडाला लावताना तिचे ओठ मला निळसर दिसले.

"ठेव ती गोळी," मी म्हटलं. "चप्पल घाल, आपण निघतोय."

दुपारची गोळी चुकू नये म्हणून निघताना माझी स्ट्रिप मी सवयीने पर्समध्ये टाकली. टॅक्सी करून आम्ही परळच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर बाईंनी तिला विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत," जाऊ म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. ती गोळी आमच्या लेखी औषध नव्हतीच. मी सांगितलं तेव्हा डॉक्टर बाईंचं लिहिणं थांबलं. पायात रक्ताची गुठळी झाली असावी, तिचा तुकडा फुप्फुसात गेला असावा, असं त्या म्हणाल्या. या गोळ्यांनी सगळ्यांना नाही, पण काही जणींना असं होतं. मग त्यांनी विचारलं, "पाय कोणी चोळला नाही ना?" तेल लावून चोळलाय, मी सांगितलं.

तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले आणि लोकांची लाज न बाळगता साडी जरा वर घेऊन स्वतःच्या पोटऱ्या दाबून बघू लागले. आधी उजवी जाड वाटली, मग डावी. दोघींनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेली गोळी सकाळी माझ्याही पोटात गेली होती. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. डॉक्टर बाई बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलंच. त्यांनी माझे पाय तपासले. घाबरू नका म्हणाल्या, पण गोळी आजच बंद करा, आणि पुन्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुपारी कळलं की जावेला इंजेक्शनं चालू केलीत, पण अजून काही सांगता येत नाही. मी सासूबाईंना फोन लावला. त्या रडायला लागल्या. देवीला काय काय बोलल्या, माझी पोर परत दे म्हणाल्या. जावेवर त्यांचा जीव आहे, ते मला माहीत आहे. मग नाक ओढून म्हणाल्या, "तू तरी गोळी चुकवू नको गो. उद्या गौरीचं घावन-घाटलं करायला आता तू एकटीच."

"आई, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय."



"एक दिवस घे गो," त्या म्हणाल्या. अजून रडतच होत्या. "एकच दिवस."

त्यांचा मला राग आला नाही. पण माझा हात पर्समधल्या स्ट्रिपकडे गेलाय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरले.