शिकवणाऱ्याच्या उठाबशा

आमचे गुरुजी रोज सकाळी कान धरून उठाबशा काढायचे आणि आम्ही पोरं त्या मोठ्यानं मोजायचो. व्यायाम म्हणून नव्हे हो, शिक्षा म्हणून! एका चुकीला पाच. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावर काळी टोपी, धोतराचा काचा मारलेला, आणि गुडघे असे वाजायचे की शेजारच्या गोठ्यातले बैल माना वळवून बघायचे. नव्यानं आलेल्या पोराला वाटायचं, ह्या मास्तराचं डोकं फिरलेलं आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली.

त्यांचा नियम एकच होता. चूक शिकणाऱ्याची, शिक्षा शिकवणाऱ्याला. पाटलांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या जागी, कडब्याच्या गंजीला टेकून आमची शाळा भरायची. गुरुजी थोरल्या पोरांना शिकवायचे, आणि प्रत्येक थोरल्याच्या गळ्यात एकेक धाकटं बांधून द्यायचे. धाकट्याचा पावकीचा पाढा चुकला की थोरल्यानं कान धरायचे. थोरल्याची दीडकी चुकली की गुरुजी स्वतः उभे राहायचे. "मी बराबर सांगितलं असतं तर हा चुकला असता का?" असं म्हणून खाली बसायचे. आम्ही थोरल्यांना शरमेनं मान वर करता यायची नाही. छडी खाल्ली असती तर बरं, असं वाटायचं.

गावातल्या लोकांना हे काही पटत नव्हतं. "पोरंच पोरांला शिकवून राह्यली, मंग गुर्जीला ज्वारी काहून द्यायची?" असं पाटील पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे. गुरुजींनी एकदा उत्तर दिलं, "पाटील, थोरल्या माणसाला आपण कसं शिकलो ते आठवत नाही. पोराला कालचंच असतं. कुठं अडलं होतं ते त्याला ठाऊक असतं." पाटलांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मग एका साली गोष्ट हातघाईवर आली. निजामाचं राज्य, हिंगोलीच्या शाळेत सगळं शिकवणं उर्दूतून. आमच्या गावची दोन हुशार पोरं तिथं गेली आणि पंधरा दिवसांत रडत परत आली. तोंडच उघडता येईना. पाटील आखाड्यावरच आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुर्जी, तुमचं शिकून पोरं तिथं मुकी बसली. आता उर्दूवाला मास्तर आणावा म्हणतो." गुरुजींना उर्दूचा ओ की ठो येत नव्हता. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "एक साल द्या. पुढच्या खेपेला ह्या गावचं पोर हिंगोलीला घेतलं नाही, तर मी आपणहून वाशीमला भावाकडे निघून जातो."

ते हिंगोलीला जाणारं पोर म्हणजे मी. माझी जोडी होती मुनीरशी. त्याचा बाप गावचा पिंजारी. आजा हिंगोलीच्या तहसिलीत चपराशी होता, त्यानं नातवाला घरीच उर्दू शिकवलेली. मी त्याला हिशेब शिकवायचो, तो मला अलिफ, बे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गुरुजी पाटी घेऊन मुनीरच्या पुढ्यात माझ्याशेजारी मांडी घालून बसलेले! मुनीर दहा-अकरा वर्षांचा. त्याला घामच फुटला. "आजाला बोलावतो, गुर्जी," तो म्हणाला. "आजाला आपण कसं शिकलो ते आठवणार नाही," गुरुजी म्हणाले. "तूच सांग. मी काय, तुझा धाकटा."

आठवडाभरानं गुरुजींनी मुनीरचं नाव उर्दूत लिहून दाखवलं. अक्षरं झकास होती. पण लिहून झाल्यावर त्यांनी सवयीनं, मराठी अक्षरांवर ओढतात तशी, वरून झोकात एक लांब रेघ ओढली. मुनीर खुदकन हसला. "गुर्जी, ह्याच्यावर छप्पर काहून घातलं?" म्हणून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. चूक निघाली होती, आणि शिकवणारा तो होता. त्यानं मुकाट्यानं कान धरले.

मी भडकलोच. "गुर्जी, चूक तुमची, अन् उठाबशा त्याला? हा कुठला न्याय?" गुरुजींचा चेहरा उतरला होता. पण ते म्हणाले, "नियम आता माझ्या एकट्याचा राहिला नाही रे, गणप्या. मी मोडला तर उद्या कोण पाळील?" आणि मुनीरच्या पाच उठाबशा त्यांनी स्वतः मोजल्या. आवाज इतका बारीक की जेमतेम ऐकू आला.

त्यानंतर गुरुजींनी जो अभ्यास धरला, तसा मी जन्मात कुणाचा पाहिला नाही. त्यांच्या घराच्या सारवलेल्या भिंतींवर कोळशानं उर्दू, चुलीमागंही उर्दू. काकू, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, दारात भेटल्या की म्हणायच्या, "आता माझ्या भिंतीला बी उर्दू येऊन राह्यली, एक मलाच न्हाई." ती रेघ पुन्हा कधी दिसली नाही. माझंही तसंच. अक्षर विसरलं की पहिल्यांदा मला मुनीरचे गुडघे दिसायचे. मित्राला आपल्यापायी शिक्षा व्हावी, ही मोठी तकलीफ असते. पुढं मी स्वतः जन्मभर मास्तरकी केली, पण पोरांना अभ्यासाला बसवणारं याहून जालीम औषध मला सापडलं नाही.

साल सरलं. गुरुजी आम्हा दोघांना बैलगाडीनं हिंगोलीला घेऊन गेले. मुनीरला घेतलं, त्यात काही नवल नव्हतं; तो घरूनच उर्दू शिकलेला, त्याची गणती पाटील धरणार नव्हते. मग माझी पाळी. शाळेतल्या मोठ्या मौलवीसाहेबांनी पुस्तक पुढं सरकवलं आणि "पढो" म्हणाले. पहिली ओळ काही केल्या लागेना. बाहेर गुरुजी थांबलेत, मी चुकलो तर त्यांचं बिऱ्हाड हलणार, एवढंच डोक्यात. सहज खिडकीबाहेर बघितलं, तर काय सांगू! मुनीर पायजमा गुडघ्यावर खोचून, दोन्ही हात कानांपाशी नेऊन तयारच उभा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी चुकणार हे ह्यानं धरूनच ठेवलं होतं? त्या रागाच्या भरात मी ते पान सुरुवातीपासून शेवटापर्यंत धाडधाड वाचून काढलं.

बाहेर आल्यावर गुरुजींनी मुनीरला पोटाशी धरलं. "शाबास, चांगलं शिकवलंस," म्हणाले. मला एक शब्द नाही! शाबासकीसुद्धा शिकवणाऱ्यालाच. परतीच्या वाटेवर मी गाडीत तोंड फुगवून बसलो होतो. गावात शिरल्यावर पाटील समोर आले आणि गुरुजींना म्हणाले, "आता वाशीमला जायचं नाव काढू नका." गुरुजींनी लगेच मुनीरला पुढं केलं. "ह्याला सांगा. हाच माझा मास्तर."

पुढं दहा-अकरा वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, हिंदुस्थानचं आलं. त्याच्याआधी गावात एका बाजूच्या लोकांना भीती होती, आता दुसऱ्या बाजूच्यांना, मुनीरच्या घरासारख्यांना, बसली. मुनीरच्या बापानं हैदराबादला मेव्हण्याकडे जायचं ठरवलं. गुरुजी दोनदा त्याच्या दारी जाऊन आले. "ह्या गावात तुझ्या केसाला कुणी धक्का लावणार नाही," म्हणाले. तो हात जोडून म्हणाला, "गावाचं भेव न्हाई, गुर्जी. गावाभाईरच्यांचं हाय."

निघायच्या दिवशी गाडी वेशीपाशी थांबली. मुनीर आता दाढी-मिशी फुटलेला जवान गडी, सामानावर बसलेला. मी बैलांपाशी उभा होतो. गुरुजी काठी टेकत आले. त्यांनी दहा पोस्टकार्डं आणली होती, सगळ्यांवर स्वतःचा पत्ता स्वतःच्या हातानं उर्दूत लिहून. "तू फक्त खुशाली लिही. पत्त्याचा कंटाळा करशील, म्हणून लिहून आणला," असं म्हणाले.

मुनीर एकेक कार्ड बघत गेला. शेवटच्या कार्डावर थांबला. त्यावर, अक्षरांच्या डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढलेली होती.

"गुर्जी," तो म्हणाला, "छप्पर."

गुरुजींनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "अरे," एवढंच म्हणाले. मुनीर गाडीतून उतरला. चपला काढल्या आणि वेशीच्या धुळीत दोन्ही कान धरून उभा राहिला. गुरुजी मोजायला लागले. "एक," म्हणाले. "दोन," म्हणाले. पुढं त्यांना मोजता येईना.

तीन, चार, पाच मी मोजल्या.