ओल्या पुठ्ठ्याचा वास

लॉन्ड्रीत तिला सगळे डागताई म्हणायचे. तिचं टेबल आतल्या खोलीत, खिडकीखाली. मशीनला दाद न देणारं सगळं तिथे यायचं: शाई, गंज, ग्रीस, लिपस्टिक, बाळाचं औषध. ती आधी कपडा नाकाशी न्यायची आणि मगच कोणती बाटली उघडायची ते ठरवायची. बरोबरच्या बायका हसायच्या, पण अवघड कपडा आला की गुपचूप तिच्याच टेबलावर आणून ठेवायच्या.

रेड वाइनचा नाद तिला याच टेबलावर लागला. एकदा कुणाच्या तरी मेजवानीचा पांढरा टेबलक्लॉथ आला होता. त्यावर वाइनचे दोन डाग, रंगाने अगदी सारखे. तिने सवयीने हुंगले, तर एकाला जांभळासारखा तुरट वास आणि दुसऱ्याला चामड्याचा. डाग दोन्ही गेले, पण ही गोष्ट काही तिच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी ती शेजारच्या वाइनच्या दुकानात शिरली आणि सगळ्यात खालच्या फळीवरच्या दोन स्वस्त बाटल्या घेऊन घरी गेली.

नवऱ्याने बाटल्या बघितल्या, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण येणार आहे?"

"कोणी नाही. मला वास घ्यायचाय."

त्या दिवसापासून त्यांचा शनिवार वाइनचा झाला. तिचा नियम एकच: खालची फळी सोडायची नाही. वरच्या फळ्यांवरच्या वाइनचं कौतुक करायला जग आहे, असं ती म्हणायची. प्रत्येक वाइनला ती दहापैकी मार्क द्यायची आणि सोबत एखादं वाक्य. नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, नाक कायमचं चोंदलेलं. त्याला कुठलीही वाइन दिली तरी तो घोट घ्यायचा, मान हलवायचा आणि "छान आहे" म्हणायचा. ती म्हणायची, "तुम्हाला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं." तो म्हणायचा, "भिंतीला परत विचार, भिंत छानच म्हणेल."

दुकानदार मोजकं बोलणारा माणूस होता. पण एकदा ती गल्ल्यापाशी एका वाइनबद्दल बोलली, ते त्याला इतकं आवडलं की त्याने तेच एका कार्डावर लिहून बाटलीखाली चिकटवलं. मग ती रीतच पडली. 'सात. पहिल्या घोटाला फुरंगटून बसते, मग बोलायला लागते, मग थांबतच नाही.' 'चार. नव्या सोफ्याचा वास. सोफा घ्यायचा विचार असेल तर घ्या.' 'आठ. पाहुणे उठायचं नाव घेत नसतील तर ही उघडू नका.' खालच्या फळीपुढे लोक वाकून वाकून कार्डं वाचायला लागले, आणि वाचून झालं की बाटलीही उचलायला लागले.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एका शनिवारी तिला वाइनमध्ये ओल्या पुठ्ठ्याचा वास आला.

तिला आश्चर्य वाटलं नाही. बूच खराब निघालं तर वाइनला असा वास येतो हे तिने वाचलेलं होतं. तिने बाटली बाजूला ठेवली, दोन मार्क दिले. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच वास. त्याच्या पुढच्याला पुन्हा. 'तीन. पावसात राहिलेलं खोकं,' असं एक कार्ड लागलं, लोक हसले. पण मग तिने फिरकीच्या झाकणाची बाटली आणली, जिच्यात बुचाचा संबंधच नव्हता. ओतली, नाकाशी नेली, आणि तोच वास. तिने ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा हुंगला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. कशी आहे?"

"छान आहे."

सोमवारी दुकानदाराने तिला जाताना थांबवलं. "ताई, एक विचारू? राग मानू नका. तुमची तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"मध्यंतरी तुम्ही हिला तीन दिले." त्याने बाटली दाखवली. "ही तीच आहे. गेल्या वर्षी तुम्ही हिला आठ दिले होते. बाटली बदललेली नाही, माल त्याच कारखान्याचा. मी स्वतः उघडून बघितली. मला तरी ठीक वाटली."

ती काहीतरी बोलून बाहेर पडली. वाइन तीच, दुकानदाराला ठीक लागते, मग वास येतोय तो कुठून?

तिच्या आईला असंच झालं होतं. शेवटच्या वर्षी आई दिवसातून चारदा गॅस बघायला उठायची. "काहीतरी जळतंय गं." घरचे सांगायचे, नाही आई, काही जळत नाहीये. आई ऐकून घ्यायची आणि तिचा चेहरा एवढासा व्हायचा. पुढे डॉक्टरांनी डोक्यात गाठ असल्याचं सांगितलं, आणि ती गाठ आईला घेऊनच गेली.

म्हणून डागताईने कुणाला काही विचारलं नाही. बहिणीला बोलावून, जरा हे हुंगून बघ, असं म्हणणं किती सोपं होतं. पण बहीण म्हणाली असती, नाही गं, मला तर काहीच वास येत नाही, तर? ते वाक्य ऐकायची तिची छाती झाली नाही. तिने वाइन बंद केली. नवऱ्याला सांगितलं, कंटाळा आला. लॉन्ड्रीत मात्र ती प्रत्येक कपडा दोनदा हुंगायला लागली. घरी साबण हुंग, चहाची पत्ती हुंग, बुटांचं पॉलिश हुंग, असं चालू झालं. सगळ्याला ज्याचा त्याचा वास येत होता, पण तेवढ्याने जीव शांत होत नव्हता.

नवऱ्याचं नाक बंद असलं तरी डोळे उघडे होते. एका सकाळी ती मिऱ्यांची बरणी उघडून त्यात नाक खुपसून उभी होती, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.

"मला सांगणार आहेस की मिऱ्यांनाच?"

मग तिने सांगितलं. सगळं, आईच्या गॅसपासून. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "चप्पल घाल." आणि तो स्वतः शर्ट बदलायला गेला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण धीराने ऐकणाऱ्या. त्यांनी कुप्या हुंगायला दिल्या, डोळ्यांत बॅटरी मारली, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि आईचं ऐकल्यावर डोक्याचा स्कॅनही करून घेतला. तो रिपोर्ट येईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी इतकं गोड बोलले की दोघांनाही त्याची भीती वाटायला लागली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाल्या, "डोक्यात काहीही नाही."

"हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय," नवरा म्हणाला.

डागताईला हसू फुटलं आणि त्यातच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवऱ्याने रुमाल दिला.

"आता मला नीट सांगा," बाई म्हणाल्या, "हा वास तुम्हाला येतो कुठे? चहात?"

"नाही."

"कामावर? रस्त्यात?"

"नाही. फक्त वाइनमध्ये. घरी."

"मग तुम्ही वाइन बघा, नाहीतर ती ओतता ते भांडं बघा. डोक्यातून येणारा वास घर बघून आणि पेला बघून येत नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही असंच बोलता का नेहमी? नाकातून? या इकडे खुर्चीवर."

त्यांनी त्याच्या नाकात बघितलं आणि दोन्हीकडे मांस वाढल्याचं सांगितलं. छोटं ऑपरेशन, घाबरण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं का आला नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणाला, बसमध्ये बसणाऱ्यांचे वास बघता बंद नाक बरं पडायचं.

घरी आल्यावर तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सरळ कपाटापाशी गेली. हे भिंतीतलं छोटं कपाट नवऱ्याने चार-पाच महिन्यांपूर्वीच स्वतःच्या हातांनी बनवलेलं, खास तिच्या वाइनच्या ग्लासांसाठी. काचेला टवका जाऊ नये म्हणून त्याने फळ्यांवर लॉन्ड्रीतल्या खोक्यांचा पुठ्ठा चिकटवला होता, आणि धूळ बसू नये म्हणून ग्लास पालथे मांडले होते. मागची भिंत न्हाणीघराची. तिने एक ग्लास उचलला आणि त्यात नाक घातलं. रिकामा ग्लास हुंगायचं तिला आजवर सुचलंच नव्हतं. कोणाला सुचतं?

ओला पुठ्ठा. शंभर टक्के ओला पुठ्ठा. तिने फळीवरून बोट फिरवलं, बोट दमट झालं.

"अहो," तिने हाक मारली. तो आला. तिने त्याला फळी दाखवली, भिंत दाखवली, पालथे ग्लास दाखवले.

त्याने फळीवरून हात फिरवला. ते कपाट करताना त्याने दोन बोटं ठेचून घेतली होती. "म्हणजे मीच?"

"तुम्हीच."

तो खुर्चीवर बसला. "बरं झालं," तो म्हणाला. "मीच असलेला बरा."

ती त्याच्या शेजारी बसली. मग तिला एकदम सडकून भूक लागली. कितीतरी दिवसांनी.

पुठ्ठा निघाला, फळ्या उन्हात पडल्या, ग्लास स्वयंपाकघरात उघड्यावर सरळ उभे राहिले. दुकानदाराला तिने सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "ताई, मी पंधरा दिवस झोपलो नाही, उगाच बोललो म्हणून." त्याने अन्याय झालेल्या बाटल्या तिच्यासाठी काढून ठेवल्या. तिने एकेक करून पुन्हा चाखल्या. आठवालीला पुन्हा आठ मिळाले. एक मात्र खरोखरच टाकाऊ निघाली. तिचे दोन कायम राहिले.

नवऱ्याचं ऑपरेशन झालं. नाक सुजून बटाट्यासारखं झालं, मग उतरलं. त्यानंतरच्या एका शनिवारी तिने बाटली उघडली, दोघांचे ग्लास भरले. त्याने घोट घेतला, सवयीने मान हलवायला घेतली आणि थांबला. ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले.

"कशी आहे?"

"थांब जरा." त्याने पुन्हा हुंगलं. "ही तर कडवट आहे. आणि मागून काहीतरी करपल्यासारखं. तू किती देणार?"

"सात."

"सात? हिला? मी चारच्या वर जाणार नाही."

तिने ग्लास खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि चार का ते नीट सांगायला सांगितलं. तो सांगायला लागला. जेवण गार होऊन गेलं तरी त्यांचा वाद मिटला नव्हता.