जागा न वाढवणारे सर

दोन सरळ रांगा शेजारी दिसल्या की त्या एक केल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही, असे गृहस्थ साऱ्या जगात एकच असावेत, आणि ते धुळ्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे सर होते! मूळचे बोदवडचे. दोन बॅचच्या जर्नल्सचे नंबरवार गठ्ठे आले की ते एकाखाली एक छातीशी धरत आणि उभ्या उभ्या त्यांचा एकच नंबरवार गठ्ठा करत. मधूनच दोन-चार वह्या निसटत. एकदा शिपाईभाऊंनी कळवळून रिकामं टेबल आणलं, तर सर दुखावलेच. "टेबल घेऊन कोणीही करील, भाऊ! आहे त्या जागेत करण्यात मजा आहे."

ही मजा म्हणजे सी प्लस प्लस या संगणकभाषेतलं इनप्लेस मर्ज. एकाच यादीत लागून असलेले, आधीच क्रमाने लावलेले दोन भाग ते जागच्या जागी एक करतं. त्याला फक्त तीन खुणा द्यायच्या: सुरुवात, मध्य म्हणजे जिथून दुसरा भाग सुरू होतो ते घर, आणि शेवट. मी मध्य एका घराने चुकवला आणि पडद्यावर आकड्यांची जत्रा उसळली. सर रागावले नाहीत, उलट त्यांचे डोळे चमकले! दोन्ही बॅचेस अरुंद व्हरांड्यात एकामागे एक, प्रत्येक बॅच बुटक्यापासून उंचापर्यंत, उभ्या केल्या. "खाली अंगणात कोणी उतरायचं नाही!" मी लंबूटांग, म्हणून पहिल्या रांगेच्या शेवटी. माझ्यामागे दुसऱ्या रांगेची सुरुवात करणारी आमच्या वर्गातली सगळ्यात ठेंगणी मुलगी.

"मध्य कोण?" सरांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"तुला दुसऱ्या रांगेत धरलं तर ती रांग उंचीने लागलेली राहील का रे?"

"सर, हा माझ्यापुढे ताडासारखा उभा राहील," ती मुलगी म्हणाली, "मध्य मीच!"

मग सरकासरकी, धक्काबुक्की, "पाय, पाय!" असा कल्लोळ झाला आणि अंगणात पाऊल न ठेवता एक रांग तयार झाली. तिथून जाणारे प्राचार्य थबकले. "सर, ही कवायत का?" "नाही साहेब, प्रॅक्टिकल!"

शेवटच्या वर्षी जळगावला एका कंपनीच्या मुलाखती होत्या. बाबा अमळनेरला तेलगिरणीत पोती उचलत. घरातला पहिला पदवीधर मी, आणि ही नोकरी हुकली तर त्यांच्याशेजारी पोती उचलायची हे ठरलेलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेमकं इनप्लेस मर्जच विचारलं! मी तीन खुणा लिहिल्या, मध्य म्हणून दुसऱ्या भागाचा पहिला आकडा दाखवला.

"जागच्या जागी म्हणवतं, तरी हे आतून जास्तीची मेमरी मागतं. ती मिळालीच नाही तर?"

सरांनी सांगितलं होतं तसंच माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, मिळाली तर घेतं आणि लवकर आटपतं. नाही मिळाली तर अडून बसत नाही. हळू करतं, पण पूर्ण करतं."

बाई हसल्या. संध्याकाळी यादीत माझं नाव होतं!

ते ऐकून बाबा एसटीने धुळ्याला आले, सरांना भेटायला. सरांनी त्यांना वर्गातच खुर्ची दिली, चहा दिला आणि अर्धा तास इनप्लेस मर्ज समजावलं, अगदी फळ्यावर चित्र काढून. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्या वर्गात बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "माले काहीच समजनं नही. पन त्यानी माले बी शिकाडं, भो."

सर आता निवृत्त होऊन बोदवडला असतात. त्या दिवशी बाबा उठल्यावर सर फळा पुसायला लागले, पण आपल्यासाठी काढलेलं ते चित्र बाबांनी त्यांना पुसू दिलं नव्हतं.