भटू सरांचा मुका महिना

त्या दिवशी सकाळी कळसाडीत असं धुकं पडलं होतं की उसाकडच्या बाजूचा खो-खोचा खांब मला दिसत नव्हता. चुन्याची रेघ मी अंदाजानेच ओढली. ऊन वर आल्यावर पाहतो तर रेघ निम्मी बाहेर. असो. मैदानावर पाणी मारता-मारता माझी उमर गेली. गोष्टी इतक्या साचल्यात की एक काढली की बाकीच्या मागे रांग लावतात. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगतो, सून लिहून घेते. आज भटू सरांच्या एका महिन्याचंच सांगतो.

*

भटू सर आमच्या मुलींचे कोच. आवाज असा की पलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया त्यांच्या ओरडण्यावर चहाची वेळ धरायच्या. तोच घसा बसला. मी त्यांच्यासोबत शहाद्याला गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल.

सरांच्या मिसेस तिथल्या तिथे म्हणाल्या, "आवाज उना नही तर मैदान सोडा. भाऊना दुकानवर बसा. तठे गिऱ्हाईकच बोलस."

भावाचं दुकान खताचं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी त्यांना पोत्यात भरून शिवायला निघालंय.

*

मग सरांनी पाटी आणली. त्यांनी लिहायचं आणि मी ओरडायचं, असं ठरलं. ठरवून झाल्यावर मला आठवलं की मला वाचता येत नाही. तेव्हा सर लिहायचे, कप्तान सविता धावत येऊन वाचायची, मला सांगायची, आणि मी ओरडायचो. मी पहिल्यापासून सावकाश माणूस. मी "डावीकडे" म्हणेपर्यंत पळणारी पोरगी उजवीकडे बाद होऊन पाणी पीत बसलेली असायची.

सविता म्हणाली, "आप्पा, तुम्ही कालना डाव आज सांगी ऱ्हायनात."

*

आता त्या धुक्याच्या दिवसाचं. पुण्याहून एक मॅडम आल्या. कोच लोक कसे शिकतात, कसे शिकवतात, त्यांच्या जिवाचं कसं चाललंय, यावर त्यांचं संशोधन होतं. आम्हाला वाटलं, ही तपासणी. कोचला आवाज नाही हे वर कळलं तर दुसरा कोच येणार आणि सर खताच्या दुकानात. सरांनी पोरींपुढे हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. पाटी चुन्याच्या पोत्याखाली गेली.

मॅडमनी दोन तास सराव पाहिला. सर बाजूला हाताची घडी घालून उभे. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, "सर मध्ये अजिबात बोलत नाहीत का?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून शांत स्वभाव."

मॅडमनी वहीत लिहिलं आणि आम्हाला वाचूनही दाखवलं, की हे कोच मुलींना स्वतः विचार करायला मोकळीक देतात, असं त्यांनी फार थोड्या ठिकाणी पाहिलं. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. कुंपणापलीकडे सलीमभाईंचं सायकलचं दुकान आहे. तिथे पाना खाली पडल्याचा आवाज आला.

*

मॅडम सलीमभाईंकडेही गेल्या. शेजारी म्हणून त्यांचं मत हवं होतं.

"सरांच्या सरावाच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो?"

सलीमभाईंनी चाकातला काटा काढला, विचार केला आणि सांगितलं, "या महिन्यात नाही."

*

मग सरांचा फॉर्म भरायचा होता. मॅडमनी विचारलं, "एक ते पाचमध्ये सांगा, दिवसाअखेर किती थकता?" सरांनी पाच बोटं दाखवली. थोडं थांबून दुसरा हातही वर केला.

"पाचपर्यंतच आहे, सर."

सरांनी मग दोन्ही हात जोडले. मॅडमनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या घशाचं सविताने मला पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं. मी तपासणीला आलेली नाही. कोचकडे कोण लक्ष देतं, एवढंच विचारायला आलेय."

सविता आभाळाकडे बघायला लागली. मी पोत्याखालून पाटी काढून दिली. सरांनी बराच वेळ खडू हातात धरला, मग एक शब्द लिहिला.

मी सविताला हळूच विचारलं, "काय लिखं?"

"मिसेस."

मी पाण्याचा पाइप उचलला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिकडे पाणी मारायचं राहिलंच होतं.

*

महिना संपला. डॉक्टरांनी सांगितलं, आता बोलून बघा, पण हळू. त्या संध्याकाळी सर मैदानावर आले तर सगळ्या पोरी ओळीत उभ्या. सरांच्या मिसेस स्कूटीवरून उतरल्याच नाहीत, हँडल घट्ट धरून बसल्या. सलीमभाई कुंपणाला टेकून माझ्या शेजारी उभे.

सरांनी घसा खाकरला. एकदा तोंड उघडून मिटलं. मग आवाज आला. बारीक, मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा.

"चला पोरींनो. सुरू करा."

सरांच्या मिसेसनी डोळ्यांना पदर लावला. पोरी मात्र जागच्या हलेनात. इतकी वर्षं सर ओरडायचे आणि ह्या रमत-गमत जागेवर बसायच्या. आज सविताने सरांच्या तोंडाकडे पाहिलं, चप्पल काढली आणि शिक्षा झाल्यासारखी मैदानाला फेरी मारायला पळत सुटली. तिच्यामागे बाकी सगळ्या. कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला सर आणखी हळू म्हणाले, "अगं, थांबा ना."

पोरींनी वेग वाढवला.

सलीमभाई माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आप्पा, सरले सांगा, पहिलासारखं आरडा. पोरी घाबरी ग्यात."