मी कॉफी सोडली तेव्हा

मी जेवले नाही तर आत्या विचारायची, "पोट बिघडलं का गे?" मी कॉफी सोडली तेव्हा मात्र तिने काहीच विचारलं नाही. ती नुसती बघत राहिली. कुंभकोणमचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण सकाळची कॉफी परत पाठवणार नाही. आणि पाठवलीच तर त्यामागे चारचौघांत सांगता येणार नाही असं काहीतरी असतं, अशी तिची खात्री होती.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. आई मी फार लहान असताना गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हाती होतं. आमचं घर नदीपलीकडे मेलकावेरीत, अप्पांची कचेरी गावात. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेले. दरबारात ते नक्की कोण होते हे आत्या समोरचा माणूस बघून सांगायची: कधी कारभारी, कधी पुराणिक. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी. तीन भाषा असून मी तिन्हींत कमीच बोलायचे.

शाळा मिशनची, शिकवायला नन्स. आत्याला ती पहिल्यापासून नको होती. अप्पा तिला म्हणायचे, "शिकूं दे, अक्का. वावगं काही दिसलं तर त्याच दिवशी काढूं." त्यामुळे शाळेत माझा निम्मा जीव वावगं दिसू नये हे सांभाळण्यातच जायचा. आता शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की हातात निदान एक प्रमाणपत्र येणार होतं. त्याआधी काढलं असतं तर काहीच नाही.

आणि त्याच वर्षी, पोंगलच्या सुट्टीच्या थोडं आधी, ड्रिलच्या तासाला मी चक्कर येऊन पडले.

आम्हाला आरोग्यशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टरने मला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. सकाळी काय खाल्लंस, असं विचारलं. मी म्हटलं, "इडली." खरं तर पहाटे एक कॉफी आणि निघताना दुसरी, एवढ्यावर मी आले होते. कॉफीने भूक मरायची, आणि शाळेत नेणारा जटकावाला दारात घोडा उभा करून ओरडायचा. मी सिस्टरला विनवलं, की घरी कळवू नका. मुलगी अशक्त आहे एवढं कळलं असतं तरी घरी म्हणाले असते, अभ्यासाने झालं, पुरे आता. हे मी तिला सांगितलं नाही. घरच्यांबद्दल तिने मनात काहीतरी ठरवलं, हे मला दिसलं.

पुढच्या तासाला ती वर्गात म्हणाली, "तब्येतीला पैसे लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." बऱ्याच जणींनी केले. "तुमच्या परसात शेवगा आहे. त्याचा पाला शेजारची शेळी खाते, आणि तुम्ही औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली आणता. शेळीला ड्रिलमध्ये पडलेलं पाहिलंय कोणी?"

वर्ग हसला. मी हसले नाही. तो टोमणा कोणासाठी आहे हे मला ठाऊक होतं.

मग तिने बरंच काही सांगितलं. वाढत्या वयात कॉफी नको, त्यापेक्षा नाचणीची आंबील. भाताची पेज मोरीत ओतू नका. चालत या. न्हाणीघराचं पाणी गटारात न सोडता भाजीच्या वाफ्याला द्या. साली, उष्टी केळीची पानं रस्त्यावर फेकू नका, खड्ड्यात पुरा, त्याचं खत होतं. शेवटी प्रत्येकीला कागदाच्या पुडीत माठाचं बी दिलं.

माझा तिच्यावरही विश्वास नव्हता. फुकट देणाऱ्याचा हात आधी बघावा, असं घरात ऐकतच मी वाढले होते. पण तिने सांगितलेल्या गोष्टींत एक सोय होती: कोणाकडे काही मागावं लागत नव्हतं, कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. परत चक्कर येऊन पडायचं नव्हतं आणि का पडले ते सांगायचंही नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.

आंबील रोज पहाटे मी स्वतः ढवळायला लागले तेव्हा आत्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या भागात भात एवढा पिकतो की नाचणी फक्त शेतावरची माणसं खातात.

"तांदूळ संपला का घरांतला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग हे कशास?"

"आवडतं."

"काल आवडत नव्हतं की."

मी मान खाली घालून ढवळत राहिले. जटका बंद करून मी चालत जायला लागले, तेव्हा ती गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहायची. मी शेवग्याचा पाला खुडून वरणात घातला, तर तिने स्वतःच्या पानावर ते वरण घेतलं नाही. विहिरीमागे मी खड्डा खणला आणि त्यात साली, पानं पुरायला लागले. एका दुपारी शाळेतून आले, तर आत्या पदर खोचून खुरप्याने तोच खड्डा उकरत होती. आत केळीच्या सालींखेरीज काही नाही हे बघून तिला बरं वाटेल असं मला वाटलं. उलट झालं.

"कोणी साली पुरतं का गे?" ती अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माणूस कांही पुरतं ते लपवायला पुरतं."

माठ मात्र झकास आला. वाफा हिरवागार झाला. पण बी कुठून आलं हे मला लपवता आलं नाही, कारण पुडीवरचा इंग्रजी कागद आत्याने जपून ठेवला होता.

"त्यांनी दिलेली कीरै आमच्या चुलीवर शिजायची नाही," एवढंच ती बोलली. पालेभाजी सगळी दाराशी येणाऱ्या गाईला गेली.

यानंतर काय झालं ते मला मागाहून कळलं. गल्लीच्या टोकाला इस्पितळात काम करणारी एक ख्रिस्ती परिचारिका राहायची. आत्याने तिला ओसरीवर बसवून गप्पांत विचारलं, तुमच्यात उपास असतात का? ती म्हणाली, असतात तर. चाळीस दिवसांचा असतो. ज्याच्या मनाला जे सगळ्यांत आवडतं ते सोडायचं. मग ईस्टरच्या रविवारी सकाळी ते परत घ्यायचं.

आत्याला सगळं जुळलं; दिवसांचा हिशेब तेवढा तिने केला नाही. कॉफी सोडली ती उपास म्हणून. गरिबाचं अन्न खायचं, पायी जायचं, तेही त्यातलंच. आता फक्त ईस्टरपर्यंत थांबायचं होतं. त्या सकाळी पोरीसमोर कॉफी ठेवायची. प्यायली, तर तिचा देव बदलला. अप्पांनीही मान डोलावली होती. तसं ठरलं तर मला परत शाळेत पाठवायचं नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वेगळाच संशय होता. अप्पा कित्येक दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. आत्या माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायची. मला वाटलं, स्थळ आलंय. शाळेतल्या काही ख्रिस्ती मुलींनी चॉकलेट सोडलं होतं, काहींनी पिक्चर. ते आणि माझी कॉफी हे दोन धागे माझ्या डोक्यात कधी एकत्र आलेच नाहीत.

त्या रविवारी मी अंगणातून आत आले तर घरभर वास सुटला होता. आत्याने बिया ताज्या भाजून, दळून, पहिल्या धारेची कॉफी केली होती. पितळी दवऱ्याच्या वाटीत कॉफीचा टंबळर, वरून फेस दिसेल असा, माझ्यासमोर ठेवला. अप्पांनी पेपर उघडला होता, पण ते पान उलटत नव्हते. आत्या काही निवडत नव्हती, चिरत नव्हती. रिकाम्या हातांनी बसलेली आत्या मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी विचार केला. इतके दिवस यांना माझं कॉफी सोडणंच खुपतं आहे. एक पेला प्यायले तर यांच्या मनातलं किल्मिष जाईल, आणि परीक्षा होईपर्यंत मला कोणी हात लावणार नाही. शिवाय वास फारच चांगला होता.

मी प्यायले. सगळी.

आत्याने डोळे मिटले. अप्पांनी पेपरची घडी केली.

"सुटला उपास?" आत्या म्हणाली.

"कसला उपास?"

"आतां मला विचार, कसला म्हणून." आणि तिने परिचारिकेचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चिरकत होता. तेव्हा मला कळलं की ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे.

अप्पा म्हणाले, "आतां शाळेंत जायचं नाही."

मी बोलले. आयुष्यात एका दमात एवढं बोलले नसेन. आरोग्याच्या तासाला हे शिकवलं, त्यात देव नाही, उपास नाही, खर्च नाही, एवढंच. चक्कर आली हे तेवढं गिळलं. आत्याला कुठेतरी काहीतरी गिळलेलं दिसलं असावं.

"हिला पाठवूं नको, पण हिला घेऊन एकदा मी जात्ये," ती अप्पांना म्हणाली. "त्या बाईच्या तोंडावर विचारत्ये. मग ठरवूं."

ईस्टरची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी आत्या नऊवारी नेसून, माझ्यापुढे चार पावलं, पूल ओलांडून गावात आली. फाटकातून आत येताना तिने पदर आवरून धरला, भिंतीला लागू नये म्हणून. सिस्टर व्हरांड्यात होती, आजूबाजूला मुली. मलयाळी धाटणीची तमिळ बोलायची. आत्याने तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "बरं झालं अम्मा, तुम्हीच आलात. मी बोलावणारच होते. या मुलीला तुम्ही उपास का करायला लावता?"

आत्या तशीच उभी राहिली. "कोण? मी?"

"एकादशीला डबा नाही. शनिवारी डबा नाही. पोंगलच्या आधी ही ड्रिलमध्ये पडली. वाढत्या मुलीला उपाशी ठेवून कुठला देव खूष होतो?"

मी फरशीकडे बघत होते. आता आत्या म्हणेल, पडली? मला कशी ठाऊक नाही? मग अशक्तपणा, मग अभ्यास, मग संपलं.

"सिस्टरम्मा," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज दरबारातल्या कारभाऱ्याचा झाला, "आमच्या घरांत पोर उपाशी राहत नाही. पडली ते मला ठाऊक नाही असं वाटलं तुम्हांला? तेव्हापासून रोज पहाटे नाचणीची आंबील. शेवग्याचा पाला वरणांत. परसांत न्हाणीच्या पाण्यावर कीरै केली आहे, केवढाली पानं! पेज टाकत नाही. साली पुरून खत करतो. आणि कॉफी? पोरांना कॉफी देतच नाही आम्ही."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

मी मान हलवली. रविवारचा तो पेला सोडला तर एकूण एक गोष्ट खरी होती. फक्त करणारी बदलली होती.

"मग उत्तम," सिस्टर म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. आत्या चपलांकडे वळली तशी ती माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत पुटपुटली, "तुला पोटभर मिळतं ना? ती म्हणते म्हणून हो म्हणू नकोस." मी हो म्हटलं. तिने विश्वास ठेवला नाही.

परतीच्या वाटेवर, पूल आला तेव्हा आत्याने विचारलं,

"कधी पडलीस?"

"पोंगलच्या आधी."

"सांगितलं कां नाहीस?"

"तुम्ही शाळा सोडवली असती."

"सोडवलीच असती," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "त्या बाईने मला सगळ्यांदेखत उपाशी ठेवणारी म्हटलं. काय समजत्ये ती आम्हांला?" आणि आणखी काही पावलं गेल्यावर, "आतां बोलून बसल्ये मी तिच्यासमोर. घरीं ठेवलं तर म्हणेल, बघा, मारून टाकलं पोरीला."

संध्याकाळी अप्पांनी पायरीवर चपला काढता काढता विचारलं, "काय झालं?"

"परीक्षेला बसूं दे तिला."

अप्पांचा एक पाय चपलेतच राहिला. "अक्का, तिथं तुला कांही खायला-प्यायला दिलं का?"

"पाण्याचा थेंब घेतला नाही मी."

"मग?"

"मग काय? पोर अशक्त होती. मी खाऊं घालत्ये, सुधारली. तुझं लक्ष असतं का घरांत?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता त्यांचा संशय माझ्यावरून उठून सरळ तिच्यावर जाऊन बसला होता. मी भूमितीचं पुस्तक उघडलं आणि दोघांपैकी कोणाचं मन बदलायच्या आत प्रमेय पाठ करायला बसले. मोठमोठ्याने, म्हणजे मला कोणी काही विचारू नये.