झिजलेलं कोपर

फाटका कपडा हातात आला की रफूगार गिऱ्हाइकाकडे बघत नसे, आधी भोकाकडे बघे. भोक सगळं सांगतं, असं त्याचं म्हणणं. खिशाचा कोपरा उसवलाय, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा. पॅन्टचे गुडघे विरलेत, म्हणजे घरात लहान मूल आणि त्याच्यासाठी घोडा होणारा बाप. गिऱ्हाइकं थक्क होत. ज्यांच्या बाबतीत अंदाज चुके ती भिडेखातर गप्प बसत, त्यामुळे रफूगाराच्या लेखी तो कधी चुकलाच नव्हता.

त्याचा सगळ्यात पक्का नियम कोटाच्या कोपराचा. उमेदीची अकरा वर्षं त्याचं दुकान पत्त्यांच्या क्लबाखालच्या गाळ्यात होतं. वरून जो कोट खाली येई त्याची कोपरं हटकून विरलेली. टेबलाला कोपरं टेकून तासन्‌तास बसल्यावर दुसरं काय होणार? माणूस जुगारी असेल तर त्याचं कोपर झिजतं, यात खोटं काही नव्हतं. पण हे वाक्य त्याने कोटासारखं उलटं करून अंगात घातलं: कोपर झिजलं असेल तर माणूस जुगारी. अस्तर बाहेर आलंय हे त्याला कधी दिसलं नाही.

गिऱ्हाइकांपुरतं होतं तोवर ठीक होतं. मग एका दुपारी मुलीने घड्याळजीला घरी आणलं. मुलगी बापाच्याच हाताखाली रफू शिकलेली, सत्तावीस वर्षांची. तिने आधीच सांगून ठेवलं होतं की लग्न करीन तर याच्याशी, आणि तेही बाबा हो म्हणाले तरच. रफूगाराने मोठ्या अगत्याने पाहुण्याचा तपकिरी कोट खुंटीला लावायला म्हणून घेतला, खिडकीशी नेला आणि कोपरांवरून अंगठा फिरवला. पाहुण्याशी पुढे तो हवापाण्याचंच बोलला. दार लागल्यावर म्हणाला, "जुगारी आहे. नको म्हणून कळव."

"बाबा, तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून टेबलावर कोपरं टेकून बसतो. घड्याळं काय उभ्याने दुरुस्त करतात?"

"दिवसा घड्याळं. संध्याकाळी काय करतो ते त्याच्या कोपराला विचार."

मुलगी आत निघून गेली. रफूगाराची बायको मात्र सोडून देणाऱ्यांतली नव्हती. तिने नवऱ्याच्या कामावरच्या जुन्या राखाडी कोटाच्या दोन्ही बाह्या उसवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन त्याच्यापुढे टाकल्या. तसल्या राखाडी कापडाचे कोट निम्मा बाजार घालत होता. शेजारणीने पाठवल्यात, ती म्हणाली, कोट ज्याचा आहे तो माणूस कसा वाटतो?

त्याने बाह्या उजेडात धरल्या. "पक्का जुगारी. उजवं कोपर जास्त गेलंय, म्हणजे हरणारा. घरात कुणाचं ऐकत नसणार."

"शेवटचं खरं आहे," असं म्हणून बायकोने पिशवीतून बिनबाह्यांचा कोट काढला.

रफूगाराने एक बाही कोटाच्या खांद्याला लावून पाहिली. मग म्हणाला, आपली गोष्ट वेगळी, आपण पत्ते खेळत नाही हे आपल्याला माहीत आहे. बायको म्हणाली, मग त्या पोरालाही स्वतःचं माहीत असेल की. रफूगार पुढचे चार दिवस फक्त सुईशी बोलला. नियम होता तिथेच होता. त्या चार दिवसांत मुलीला कळून चुकलं की बापाशी वाद घालण्यात अर्थ नाही. नियम मोडता येत नसेल तर तो वापरायचा.

घड्याळजीकडे आणखी एक कोट होता. काळा, आणि तितकाच झिजलेला. मुलीने तो मागून घेतला. खालच्या दुमडीच्या आतून त्याच कापडाचे धागे काढले आणि नऊ दुपारी मैत्रिणीच्या घरी बसून कोपरांवर उभा-आडवा एकेक धागा विणला. माझ्या अंगठ्याखालून रफू सुटत नाही, असं बाप म्हणायचा. तेवढी एकच धास्ती होती.

घड्याळजी काळा कोट घालून पुन्हा आला. पुन्हा तेच अगत्य, तीच खिडकी. अंगठा डाव्या कोपरावरून गेला, मग उजव्यावरून, मग परत डाव्यावरून.

"कोपर शाबूत आहे," रफूगार म्हणाला. "म्हणजे जुगारी नाही. तो तपकिरी कोट कुणाचा तरी उतरलेला असणार. आधी सांगायचं नाही का?"

बायको चहा टाकायला आत गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आतच राहिली. नियम त्याने या खेपेला सुलट घातला होता, खोटं होतं ते कोपर; पण होकार मिळाल्यावर शिवण कोण तपासतं.

लग्नाला आता नऊ वर्षं झाली. रफूगार अजून दुकानात बसतो आणि नव्या गिऱ्हाइकाला जावयाचा दाखला हमखास देतो: कोपर बघितलं, झिजलेलं नव्हतं, मुलगी दिली, आजवर पत्त्याला हात नाही. बोला, नियम खोटा आहे का?

शेजारच्या स्टुलावर बसलेली मुलगी तेव्हा मान वर करत नाही. नवऱ्याचा काळा कोट ती दर सहा महिन्यांनी रफू करते, पण घरी.