रेकॉर्डला लावलेलं कुंकू

रेकॉर्डवर कुंकू होतं. कडेला चांगली तीन बोटं उमटलेली, त्यावर हळद आणि चिकटून बसलेल्या अक्षता. ते पाहून मी रेकॉर्ड उजेडात धरली.

आमची मुंबईची कंपनी तेव्हा इंग्लंडमधली साठच्या दशकातली दुर्मिळ पॉप गाणी पुन्हा काढत होती. प्रती मोजक्याच, म्हणून लिमिटेड एडिशन. मी तिथला साउंड इंजिनियर. एका पोरसवदा बँडची एकुलती एक रेकॉर्ड हवी होती. मास्टर टेप, म्हणजे स्टुडिओतलं मूळ रेकॉर्डिंग, तिकडे कुणीतरी पुसून टाकलं होतं. गाणारा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्या आईकडची प्रत वाजवून वाजवून झिजली होती. पण तिनंच सांगितलं, की तिच्या घरी भाड्यानं राहणाऱ्या सोलापूरच्या विणकराला पोरानं एक दिली होती.

तो विणकर म्हणजे राजय्या. इंग्लंडमधल्या मिलमध्ये काही वर्षं काढून ते परतले आणि घरातच माग टाकले. रेकॉर्ड उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून टर्नटेबल आणि टेप मशीन घेऊन मीच सोलापूर गाठलं. त्यांची आणखी एक अट होती, पहिली प्रत त्या आईला द्यायची.

कुंकवाचा खुलासा त्यांच्या बायकोनं, बालमणीबाईंनी केला. खंडेनवमीला मागाची पूजा होते, तशीच दरवर्षी या रेकॉर्डचीही. मी मनात कपाळावर हात मारला. रेकॉर्डवरच्या बारीक रेघांत आवाज असतो. त्यांना आम्ही ग्रूव्ह म्हणतो. त्यात कुंकू बसलं की सुई कुंकूच वाजवते.

डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. अक्षता सुटल्या, कुंकू बरंचसं निघालं. हळदीचा डाग राहिला, पण रंगाला आवाज नसतो. मग देवाचं नाव घेऊन सुई टेकवली.

सुरुवातीला, कुंकू होतं त्या कडेला, भजी तळल्यासारखी चरचर. ड्रम त्यातच बुडाले. आणि मग एकदम सगळं स्वच्छ झालं. गिटार, आणि मागोमाग त्या पोराचा आवाज, इतका जवळून, की मी नकळत बाजूला सरकलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा आवाज मी ऐकला नव्हता.

राजय्यांच्या बाकीच्या रेकॉर्ड झिजून खरखरत होत्या. हीच कोरी कशी? मी विचारलं तेव्हा राजय्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"मीच वाजवू दिली न्हाय की," बालमणीबाई म्हणाल्या. "गेलेल्या पोराचा आवाज हाय त्यात. उगं करमणुकीला काढायचा व्हय? देवाजवळ ठेवली."

सुई प्रत्येक वेळी ग्रूव्ह थोडा घासतेच. या बाईंनी ती एकदाही टेकू दिली नव्हती.

कंपनीतल्या साहेबांना ट्रंककॉल लावला. ते म्हणाले, चरचर काप. मी म्हटलं, तिच्यासोबत ड्रमही जातील. शेवटी रेकॉर्ड तशीच छापली.

पहिली प्रत इंग्लंडला गेली. पुढे त्या आईचा निरोप आला. गिटारनंतर, गायला लागण्याआधी तिचा मुलगा श्वास घेतो, तो तिला ऐकू आला होता. तिच्या प्रतीवरून तो कधीच पुसला गेला होता. चरचरीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून कुणी दुर्मिळ रेकॉर्ड आहे म्हणालं, की मी आधी विचारतो, ती घरात वाजवतं कोण? कुणीच नाही म्हणाले, की गाडी पकडतो.